सायकलवरच्या जासुदाची बाराबंदी

गाठ सुटत नव्हती. मी छातीभर पाण्यात उभी होते आणि माझा भाऊ माझ्या पायाशी, पाण्याखाली होता. त्याच्या बाराबंदीचा एक बंद सायकलच्या साखळीत गुंडाळला गेला होता आणि सायकल तळाच्या गाळात रुतली होती. पाणी फार नव्हतं. तो सरळ उभा राहिला असता तर त्याच्या छातीला लागलं असतं. पण छाती सायकलला बांधलेली असली की माणसाला सरळ उभं राहता येत नाही.

मी हनुवटी पाण्यात बुडवून, वाकून चाचपडत होते. गाठ हाताला लागली होती. ती निरगाठ होती आणि सकाळी मीच मारली होती. सुती बंद भिजला की निरगाठ दगडासारखी होते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी नखं घालत होते, नखं निसटत होती. भावाचा हात माझ्या पोटरीवर आपटत होता.

काठावर लोक हसत होते. ते सिनेमाचं शूटिंग होतं आणि सिनेमा विनोदी होता. कॅमेरा चालू होता. जासूद सायकलीसकट पाण्यात पडला आणि मागून एक बाई लुगडं सावरत धावत आली, यात हसण्यासारखं होतंच. मी काठावर असते तर मीही हसले असते.

माझ्या कमरेला कात्री होती. शिवणारी बाई कात्री कमरेला बांधूनच हिंडते. तरी मी नखांनी गाठ सोडवत होते.

मी सोलापुरात शिवणकाम करायची. चौथीपर्यंत शिकले, पुढं शाळा सुटली आणि मशीन हाती आलं. वर्षभर परकर, पोलकी, शाळेची खाकी चड्डी असलं काम असे. संक्रांत जवळ आली की गड्ड्याच्या जत्रेसाठी बाराबंद्या शिवायच्या. जत्रेत नंदीध्वजापुढं चालणारी माणसं पांढरं धोतर आणि पांढरी बाराबंदी घालतात. बाराबंदी म्हणजे छातीवर एकावर एक पदर घेऊन बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. त्याला बटण नसतं. माझी आई शिवायची, तिची सासू शिवायची.

आईचा एक नियम होता. बाराबंदीच्या बंदाला कात्री लावायची नाही. गाठ आवळली तर सुईनं सैल करायची, दातानं धरायची, रात्रभर कोरडी होऊ द्यायची, पण कापायची नाही. "बंद कापला की मानसाचं आयुष्य कापलं," असं ती म्हणायची. बाराबंदी जुनी झाली तरी बंदांसकट घडी घालून दुसऱ्याला द्यायची. बाकी कुणाच्या घरात हा नियम होता का, मला माहीत नाही. आमच्या घरात होता.

वडलांमागं आईही गेली तेव्हा भाऊ लहान होता. त्याला मी वाढवला. माझं लग्न गल्लीतच झालं, तेव्हा तोही माझ्यामागं आमच्या घरी आला. मालकांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. भाऊ मला अक्का म्हणायचा. मोठा झाल्यावर तो चादरीच्या मागावर बसू लागला. माग चालवणाऱ्याला मान होता आणि त्याचा हात चांगला होता. सुट्टीच्या दिवशी तो सायकलीवर उड्या मारायचा. दोन्ही हात सोडून चालवायचा, सीटवर उभा राहायचा, उलटं बसून चालवायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तुझा भाऊ एक दिवस नाक फोडून घेनार." मी म्हणायची, "फोडू दे. लगीन तरी लवकर ठरंल."

दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुण्याहून सिनेमावाले आले. वळसंगच्या वाटेवर एका खेड्यात तलाव आहे, त्याला दगडी घाट आहे, पलीकडं पडकी वेस आहे. तिथं त्यांना राजाचा दरबार भरवायचा होता. गोष्ट अशी की कुठल्याशा जुन्या काळातला एक राजा आहे, त्याच्या मनगटावर घड्याळ आहे, राणी डोळ्यांना गॉगल लावते, प्रधान थर्मासमधून चहा ओततो आणि जासूद सायकलीवरून निरोप आणतो. सगळे तलवारी लावून हिंडतात आणि बोलताना मात्र रेशनच्या रांगेतल्यासारखं बोलतात.

त्यांचे कपडेपटवाले आमच्या गल्लीत बाराबंदी शिवणारं कुणी आहे का, असं विचारत आले. साठीचे, काटकुळे, तोंडात पान, मूळचे कोल्हापूरचे. आयुष्यभर नाटक-सिनेमातल्या लोकांचे कपडे सांभाळलेले. मला वैनी म्हणायचे. सायकल चालवणारा माणूस त्यांना हवा होता, तो आमच्या घरातच निघाला. भाऊ इतका खूश झाला की दोन दिवस मागावर त्याचं लक्ष नव्हतं.

भांडण पहिल्याच दिवशी झालं.

"वैनी, पडद्यावर बंद दिसलं म्हंजे झालं," ते म्हणाले. "आतनं टिचबटनं लावा, वरनं बंद नुसतं टाचा. सोडाबांधायची भानगड नको."

"टिचबटन? बाराबंदीला?"

"व्हय. आवो, शूटिंगमधी कधी घोडा बुजतोय, कधी दिवा पडतोय, कधी मानूसच पडतोय. अंगावरचं कापड एका हिसक्यात निघालं पायजे. आमच्या धंद्याची रीत हाय ही."

"तुमच्या धंद्याची रीत तुमच्यापाशी. बाराबंदीला बटन लावायचं म्हंजे बैलाला पायजमा घालायचा."

ते हसले. "बैल पायजमा घालंल की, सिनेमात हाय तो."

त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, म्हणून हे सगळं लिहिलं. हसत सांगितलं, पण सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक स्वतः कपडे बघायला आले. त्याच वेळी गल्लीतले गुरुजी छत्री टेकत आले. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. माझी शाळा बंद केली तेव्हा वडलांशी भांडायला एवढा एकच माणूस घरी आला होता. त्यांच्या कानावर घड्याळाची गोष्ट गेली होती आणि ते तावातावानं आले होते.

"त्या काळी मनगटी घड्याळ कुठलं हो?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"नव्हतंच, गुरुजी," दिग्दर्शक म्हणाले. "म्हणून तर हसू येतं."

"मुलं खरं मानतील."

"राजाचा जासूद सायकलीवर येतो, हे कुठलं मूल खरं मानेल? मुलं शहाणी असतात. मला अर्धवट खोटं करायचं नाही. तलवार खरी, पागोटं खरं आणि मधेच एक चूक, ती फसवणूक. मी सगळंच इतकं मोठ्यानं खोटं करतो की कुणी फसूच नये."

"मग इतिहासाचे कपडे तरी कशाला घालता? शर्ट-पँट घाला."

"शर्ट-पँटीत सायकल चालवली तर कोण हसेल?"

गुरुजी माझ्याकडं वळले. मशीनवर अर्धी बाराबंदी पडली होती. ती त्यांनी उचलून बघितली, बंद बोटांतून ओढून बघितले.

"तू तरी खोटं शिवू नकोस गं," ते म्हणाले आणि निघून गेले.

दिग्दर्शकांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. मी काही अडाणी नव्हते. हसणाऱ्याला काळवेळ लागत नाही, हे मला कळत होतं. पण गुरुजी ते वाक्य मला म्हणाले होते. पोरगी असताना ते मला "शाब्बास" म्हणायचे, त्यानंतर तसं कुणी म्हटलं नव्हतं. मी हट्टाला पेटले.

शेवटी तोडगा निघाला. दरबारातल्या बाकीच्यांना टिचबटणं. भावाची एक बाराबंदी मात्र रीतीप्रमाणं, खऱ्या बारा बंदांची.

"एक तरी खरी असू दे," मी म्हटलं.

"बाई हट्टी हाय," कपडेपटवाले भावाला म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं. पन बंद आखूड ठेवा."

मी आखूड ठेवले नाहीत. उलट वीतभर जास्तच सोडले. सायकल जोरात आली की बंद वाऱ्यावर उडतील, चांगले दिसतील, असं मला वाटलं. मी असं कापड त्याआधी शिवलं नव्हतं. शिलाई इतकी बारीक घातली की उलट बाजूनं बघितलं तरी सुलट वाटावं. माझं काम पडद्यावर जाणार होतं. आमच्या गल्लीतलं काहीही तोवर पडद्यावर गेलेलं नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी ट्रकमध्ये बसून आम्ही तलावावर गेलो. मालक गिरणीत पाळीला गेले होते, मी एकटीच गेले. भावाला मीच बाराबंदी चढवली. बारा बंदांच्या सहा सुरगाठी मारल्या. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटते ती. बाराबंदीला सुरगाठच मारतात.

जासुदानं काय करायचं ते ठरलं होतं. तलावाच्या बांधावरून घंटी वाजवत जोरात यायचं. घाटावर राजा घड्याळ बघत उभा. जासुदाला ब्रेक लागत नाही, तो राजाच्या अंगावरून सरळ घाटाच्या पायरीवरून पाण्यात, गुडघाभर. तिथं पाणी उथळ होतं, ते सकाळी बघून ठेवलं होतं. बांधाच्या मधल्या भागाजवळचं पाणी कुणी बघितलं नाही. दुष्काळी कामात तिथला गाळ खणून नेला होता. खड्डा होता, वरून कळत नव्हता.

पहिल्यांदा नुसतं करून बघितलं. भाऊ आला, वाऱ्यानं दोन सुरगाठी सुटल्या आणि बाराबंदी पाठीमागं फडफडायला लागली.

"अहो बाई, जासूद उघडा पडतोय!" दिग्दर्शक ओरडले. "पुन्हा असं झालं तर दिवस जाईल माझा."

कपडेपटवाल्यांनी खिशातून टिचबटणांचा पुठ्ठा काढला. नुसता माझ्यापुढं धरला.

मी तो हातानं बाजूला केला. भावाला जवळ ओढलं आणि सगळ्या गाठी पुन्हा मारल्या, निरगाठी. एकेक बंद दातात धरून आवळला.

"अक्का, श्वास तरी घेऊ दे की," भाऊ म्हणाला. "रातच्याला कसं सोडवायचं हे?"

"मी सोडवीन. आजवर कोन सोडवलं?"

"आन न्हाय सुटलं तर?"

"तर बाराबंदी घालूनच मागावर बस. सेठ हसंल जरा."

तो हसत सायकलीवर बसला. माझ्या पाठीमागं गावातली मंडळी दगडांवर बसून शेंगा खात होती.

तो बांधावरून आला. घंटी वाजत होती. लोक आधीच हसायला लागले होते, कारण राजानं घड्याळ कानाला लावून बघितलं होतं. माझं लक्ष राजाकडं नव्हतं. मी बंद कसे उडतात ते बघत होते. चांगले उडत होते. मग तो जोर घ्यायला खाली वाकला आणि छातीवरच्या एका बंदाचं टोक खाली गेलं. पुढं ते वर आलंच नाही. पेडल अडकलं. भावानं खाली बघितलं. ते तोंड सोंगाचं नव्हतं. मी त्याला लहानाचा मोठा केलेला, मला ते कळलं. हाताला झटका बसला, सायकल पाण्याच्या बाजूला वळली आणि तो बांधावरून खाली गेला.

"चालू ठेवा, चालू ठेवा!" दिग्दर्शक कॅमेऱ्यापाशी ओरडत होते. त्यांना वाटलं, पोरगं छान पडलं.

मी धावले. मला पोहता येत नाही. पाय टेकतात का याचा विचार न करता उतरले, आणि टेकले.

तिथून पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे. तिथं एक गोष्ट राहिली. माझ्यामागून कपडेपटवाले पाण्यात आले. पायांत चपला तशाच, तोंडात पान तसंच. बाकी सगळे हसत असताना तो माणूस कसा आला? मला वाटतं, आम्ही दोघंच कपड्याकडं बघत होतो.

"वैनी, कात्री!" ते ओरडले. "कात्री, कात्री!"

मी म्हणाले, "सुटतीय. सुटतीय."

सुटत नव्हती. मला बोटाला कळत होतं की सुटत नाही. तरी मी म्हणाले. तोवर दरबारातले दोन शिपाई उडी मारून आले होते. त्यांनी सायकलचं मागचं चाक धरलं आणि वर ओढायला गेले. चाक फिरलं, साखळी फिरली. भावानं बंद उपसायला उजवा हात साखळीत घातला होता, हे त्यांना काय माहीत. मला पाण्याखाली एक हिसका लागला आणि पोटरीवर आपटणारा हात थांबला.

कपडेपटवाल्यांनी माझ्या कमरेची कात्री ओढली. दोरी तुटली. त्यांनी कात्री पाण्यात घातली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. होय, धरलं. त्यांनी मला कोपरानं ढकललं आणि बंद कापला. एका कापात सुटलं सगळं.

मी मनगट का धरलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कधी वाटतं, आईचा नियम हातात इतका बसला होता की हात आपोआप गेला. तो बंद कापणं म्हणजे भावाचं आयुष्य कापणं, असं हातानं मानलं असेल. ही गोष्ट सांगायला बरी आहे, ऐकणाऱ्यालाही बरी वाटते. पण मला तेवढीच खरी वाटत नाही. मी ती बाराबंदी फार चांगली शिवली होती. त्या क्षणी मला भाऊ वाचवायचा होता की बाराबंदी, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्याला घाटावर आणलं. तोवर हसणं थांबलं होतं. तो निळा पडला होता, श्वास नव्हता. कपडेपटवाल्यांनी त्याला पालथा घातला आणि पाठीवर दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात केली. राजाचं काम करणारा माणूस मुकुट फेकून खाली बसला. त्यानं भावाचं डावं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडं बघितलं. ते खरं, चालू घड्याळ होतं. सकाळपासून सगळे त्या घड्याळावर हसत होते. आता सगळे त्याच घड्याळाकडं बघत उभे होते. राणीनं गॉगल काढला होता.

"हाय," राजा म्हणाला. "चालू हाय. बारीक हाय, पन हाय."

मग भाऊ ओकला. पाणी आलं, गाळ आला. मी त्याच्या पायाशी बसले होते. त्याचे पाय धरावेत की नाही, ते मला कळेना.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं, पेरापासून. दवाखान्यातून तो बरा होऊन आला, पण माग सुटला. मागावर धागा तुटला की चालत्या कामात तो जोडावा लागतो, त्याला बोटांची टोकं लागतात. सेठनं त्याला बॉबिन भरायच्या कामावर घेतो म्हटलं. ते बायका-पोरांचं काम. तो गेला नाही.

दवाखान्यात दिग्दर्शक आले. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "चूक माझी. खड्डा बघायला हवा होता. आणि मी कॅमेरा थांबवला नाही." त्यांचे डोळे भरले होते. गुरुजी आले, ते म्हणाले, "सायकल! मी सांगत होतो. जिथं सायकल नव्हतीच तिथं सायकल आणली." भाऊ म्हणाला, "माझंच चुकलं. बघून चालवायला पायजे हुतं." ज्यानं त्यानं आपलं किंवा दुसऱ्याचं काही ना काही सांगितलं. माझं कुणीच सांगितलं नाही. कपडेपटवाले कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि पानाचा डबा उघडला. वीतभर जास्त सोडलेले बंद त्यांनीच मोजून बघितले असणार, कापलेलं टोक त्यांच्याकडंच राहिलं होतं. पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

भाऊ मात्र गमतीनं बोलायचा. कुणी भेटायला आलं की हात वर करून म्हणायचा, "आमच्या अक्काची शिलाई लई पक्की. बोटं तुटली, बंद तुटला न्हाय." लोक हसायचे. मी चहा टाकायला आत जायची. तो मला टोचायला म्हणत नव्हता, मला हलकं वाटावं म्हणून म्हणत होता. त्यानं ते म्हणायचं थांबवावं असं मला वाटायचं, पण थांबव म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

पुढं त्यानं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. पंक्चर डाव्या हातानं काढायला शिकला. लग्न झालं, मुलं झाली. बाराबंद्या मी पुढंही शिवल्या. शिवणं सोडलं असं लिहायला शोभलं असतं, पण संक्रांतीला लोक दारात उभे राहायचे आणि पोट होतं.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा भावानं सगळी गल्ली नेली. मी नको म्हणत होते. "अक्का, तुझी बाराबंदी हाय की त्यात," असं म्हणून त्यानं मला ओढून नेलं. गुरुजीसुद्धा आले. नाही नाही म्हणत आले आणि आमच्या मागच्या बाकावर बसले.

घड्याळाला लोक हसले, थर्मासला हसले, गॉगलला तर शिट्ट्या पडल्या. मग बांधावरून सायकल आली. बंद वाऱ्यावर उडत होते. पडद्यावर ते माझ्या मनातल्यापेक्षाही चांगले दिसत होते. सायकल अडखळली, वळली आणि पाण्यात गेली. सगळं थेटर हसलं. पाण्याचा फवारा उडाला तिथं तुकडा कापला होता. लगेच पुढं राजा दरबारात शिंकत बसलेला. ते बाकीचं कुणी कशाला दाखवील.

पण कापायच्या आधी, पडद्याच्या अगदी कडेला, हिरव्या लुगड्याचा काठ दिसतो. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच. ती मी. हे कुणाला कळलं नाही.

भाऊ शेजारी बसून मोठमोठ्यानं हसत होता. हसता हसता त्यानं टाळी द्यायला उजवा हात माझ्यापुढं केला, ती अर्धी बोटं पुढं आली. मी टाळी दिली.

मागून गुरुजी वाकले. "सगळा पोरकटपणा आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पण बाराबंदी बघितलीस? अगदी खरी. तेवढी एकच गोष्ट खरी आहे त्यात. शाब्बास."

एवढं ऐकायलाच मी ती तशी शिवली होती. मी मागं वळून बघितलं नाही. पडद्याकडंच बघत राहिले, पुढं काय झालं ते मला आठवत नाही. गुरुजी वारले तेव्हा मी दर्शनाला गेले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, पण मनात राग होता. त्यांचा काय दोष? ते एक वाक्य बोलले होते. निरगाठ मी मारली होती.

कपडेपटवाले नंतर एकदा आमच्या घरी आले. दुसऱ्या कुठल्या सिनेमासाठी अक्कलकोटकडं चालले होते. जेवले, भावाच्या दुकानात बसले, त्याच्या पोरांना गोळ्या दिल्या. निघताना पिशवीतून माझी कात्री काढून माझ्या हातात दिली. त्या दिवशी ती त्यांच्याकडंच राहिली होती. धार लावून आणली होती.

"वैनी," ते म्हणाले, "आता बंद आखूड ठेवता का?"

"ठेवते," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि गाडी चुकेल म्हणून घाईनं गेले.

तेवढंच बोलणं झालं. मी त्यांना, तुमचं मनगट मी का धरलं, असं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. भावाला तर ते माहीतच नाही. तो पाण्याखाली होता.

तो सिनेमा आता कुठं लागत नाही. त्यात काम केलेली बरीचशी मंडळी गेली. त्या दिवशी त्या खड्ड्यात, सायकलीपाशी, दोन शिपाई सोडले तर आम्ही तिघं होतो. ज्यांनी बंद कापला ते कपडेपटवाले म्हातारे होऊन, कोल्हापुरात, आपल्या घरी वारले. भाऊ आहे. मी आहे.